कावळा, फांदी आणि पी-व्हॅल्यू

"मॅडम, पी-व्हॅल्यू ०.०३ आली, म्हणजे आमचं म्हणणं ९७ टक्के बरोबर आहे ना?"

मी संख्याशास्त्र शिकवते, आणि हा प्रश्न मला दरवर्षी कोणी ना कोणी विचारतंच. विचारणारी मुलं हुशार असतात, गणितात पक्की असतात, टेबल बघून क्रिटिकल व्हॅल्यू शोधायला त्यांना अर्धा मिनिटसुद्धा लागत नाही. तरी उत्तर "नाही" असंच आहे. आणि ते का नाही हे एकदा आतून कळलं ना, की हायपोथिसिस टेस्टिंगचा निम्मा अभ्यास झाला असं मी समजते, म्हणून आज फक्त त्याच्यावरच लिहितेय. फॉर्म्युले पुस्तकात आहेत, ते तिथून घ्या.

आपण सहज म्हणून जातो, कावळा बसायला आणि फांदी तुटायला एकच गाठ. म्हणजे दोन गोष्टी एकदम घडल्या पण एकीमुळे दुसरी घडली असं नाही, नुसता योगायोग. म्हण वापरताना आपण अगदी खात्रीने बोलतो की योगायोगच होता. पण कशावरून? झाड वाळलेलं असेल, फांद्या अशाही दिवसभर कडाकड तुटत असतील, तर कावळ्याला बोल लावण्यात अर्थ नाही हे बरोबर. पण महिनाभर एकही फांदी हलली नाही आणि कावळा टेकल्या टेकल्या तुटली, दुसरा कावळा आला तेव्हाही तुटली, तिसऱ्यालाही तुटली, तर योगायोग म्हणायला जीभ अडखळते की नाही? ती किती अडखळायला हवी ते आकड्यात सांगायचं, एवढंच काम हायपोथिसिस टेस्टिंग करतं.

आता हे करायचं कसं, तर आधी एक जग कल्पायचं जिथे काहीच घडलेलं नाही. औषधाचा उपयोग नाही, खताचा परिणाम नाही, नाणं सरळ आहे, कावळ्याचा फांदीशी संबंध नाही. ह्याला नल हायपोथिसिस म्हणतात, मराठी पुस्तकांत शून्य परिकल्पना. मग विचारायचं, ह्या "काहीच नाही"च्या जगात, निव्वळ नशिबाने, आपल्याला दिसलं तसं किंवा त्याहून टोकाचं दृश्य किती वेळा दिसलं असतं? जे उत्तर येईल ती पी-व्हॅल्यू. ह्या वाक्यातला प्रत्येक शब्द महत्त्वाचा आहे, "किंवा त्याहून टोकाचं" हे सुद्धा, आणि सगळ्यात महत्त्वाचं म्हणजे सुरुवातीचं "ह्या जगात". मुलांचं घोडं नेमकं तिथेच अडतं.

हे नुसतं वाचून कळत नाही, हाताने करावं लागतं. मी वर्गात चिठ्ठ्या घेऊन बसते.

गेल्या वर्षी चार मुलींनी एक छोटा प्रोजेक्ट केला होता, एकाच जातीच्या बियांची आठ रोपं, चार कुंड्यांना खत, चारांना नुसतं पाणी, आणि ठराविक दिवसांनी उंची मोजली. खतवाली रोपं आली २३, २७, २४ आणि ३० सेंटीमीटर. बिनखताची १९, २५, २१ आणि २२. सरासरी काढली तर एकीकडे २६, दुसरीकडे २१.७५, फरक सव्वाचार सेंटीमीटरचा. मुली खूश होत्या, आणि खरं सांगायचं तर आकडे बघून कोणालाही वाटेल की खताने काम केलं.

मी त्यांना पहिला प्रश्न विचारला तो आकड्यांचा नव्हताच. कुठल्या चार कुंड्यांना खत घालायचं हे कसं ठरवलंत? कारण खिडकीजवळच्या चार निवडल्या असतील तर तो परिणाम उजेडाचा की खताचा हे जगातली कुठलीच टेस्ट सांगू शकत नाही. त्यांनी चिठ्ठ्या टाकून ठरवलं होतं. मला इतकं बरं वाटलं, कारण पुढचं सगळं त्या एका गोष्टीवर उभं आहे.

मग आठ कागदाचे तुकडे घेतले, एकेकावर एकेक उंची लिहिली, १९, २१, २२, २३, २४, २५, २७, ३०. आता कल्पना करा की खताचा काडीचाही परिणाम नाही. मग जे रोप ३० सेंटीमीटर वाढलं ते खत नसतं तरी ३०च वाढलं असतं, बरोबर? म्हणजे उंची रोपाची स्वतःची, आणि "खतवालं" हे लेबल त्याला केवळ चिठ्ठीने चिकटलेलं. मग लेबलं दुसरीकडे चिकटली असती तर काय झालं असतं ते बघू. तुकडे पालथे घालून पिसले आणि चार उचलले. निघाले १९, २४, २७, २२, सरासरी २३, उरलेल्यांची २४.७५, फरक उणे पावणेदोन, म्हणजे "बिनखताची" रोपंच उंच! परत पिसले. ३०, २४, २३, २१, फरक सव्वा. परत पिसले. वर्गातल्या प्रत्येकाने दहा-दहा वेळा केलं आणि दर वेळचा फरक फळ्यावर एका रेषेवर ठिपका म्हणून मांडला. हळूहळू शून्याभोवती ठिपक्यांचा ढीग झाला आणि दोन्ही कडांना विरळ विरळ होत गेला. हा ढीग म्हणजे ते "काहीच नाही"चं जग, डोळ्यांसमोर. पुस्तकात जिला सॅम्पलिंग डिस्ट्रिब्युशन म्हणतात ती अशा ढिगाचीच सख्खी बहीण. नावाला घाबरू नका, ढीग आठवा.

मग मी सव्वाचारवर लाल खडूने रेघ मारली. तिच्या पलीकडे ठिपके होते. फार नाहीत, पण होते.

नेमके किती असायला हवेत ते मोजताही येतं, कारण आठातून चार निवडायचे एकूण ७० मार्ग आहेत. त्यातल्या ४ मार्गांनी फरक सव्वाचार किंवा जास्त येतो. आणि उलट बाजूने, म्हणजे बिनखताची रोपं सव्वाचार किंवा जास्त उंच, असंही ४ मार्गांनी येतं. खताने वाढ खुंटूही शकते, आपण आधी ठरवलं नव्हतं की फक्त वाढच बघायची, म्हणून दोन्ही बाजू धरायच्या. ७० पैकी ८, म्हणजे ०.११४. खत पूर्ण निरुपयोगी असतं तरी नुसत्या चिठ्ठ्यांच्या नशिबाने एवढा फरक नऊ-एक वेळांमागे एकदा दिसलाच असता. पी-व्हॅल्यू ०.०५च्या, म्हणजे ५ टक्क्यांच्या, खाली आली तरच निकालाला सिग्निफिकंट म्हणायची आणि नल नाकारायची पद्धत आहे, आणि ही त्याच्या वर आहे.

वर्ग शांत झाला होता तेव्हा. सव्वाचार सेंटीमीटर एवढा मोठा दिसत होता ना.

ह्याच आकड्यांवर दोन सरासऱ्यांतला फरक तपासणारी नेहमीची टी-टेस्ट लावली तर टी येतो २.११, आणि ६ डिग्री ऑफ फ्रीडमला (आठ रोपं वजा दोन गट) टेबलमध्ये ५ टक्क्यांसाठी निदान २.४४७ हवा असं लिहिलेलं असतं, म्हणजे तीही हेच म्हणते की पुरेसं नाही. टी-टेस्टने उत्तर थोडं वेगळं येतं, पी-व्हॅल्यू ०.०८च्या आसपास, कारण ती उंच्या बेल कर्व्हमधून (मधे उंच, दोन्ही कडांना उतरता, घंटेसारखा आलेख) आल्यात असं धरून चालते आणि चिठ्ठ्या तसलं काही धरत नाहीत. ही टेस्ट १९०८ साली विल्यम गॉसेट यांनी "स्टुडंट" ह्या टोपणनावाने मांडली, ते डब्लिनच्या गिनेस ब्रुअरीत कामाला होते आणि त्यांची अडचण नेमकी आपल्या कुंड्यांसारखीच होती, नमुने अगदी थोडे. म्हणून मला त्या टेबलाकडे बघितलं की आपुलकी वाटते, ते कोणीतरी खऱ्या गरजेपोटी केलेलं काम आहे.

७० हा आकडा अजून एका ठिकाणी येतो आणि ती गोष्ट सांगितल्याशिवाय पुढे जाववत नाही. इंग्लंडमध्ये रॉथमस्टेड नावाची शेती संशोधन संस्था आहे, १९२०च्या दशकात रोनाल्ड फिशर तिथे संख्याशास्त्राचं काम करत होते. तिथल्याच म्युरिएल ब्रिस्टल ह्या शैवालांच्या अभ्यासक. त्यांचं म्हणणं असं की कपात दूध आधी ओतलंय की चहा हे त्या चव घेऊन ओळखू शकतात. फिशर यांनी १९३५च्या आपल्या पुस्तकात हा प्रयोग मांडला, नाव न घेता. आठ कप करायचे, चार दूध आधी, चार चहा आधी, कुठल्याही क्रमाने द्यायचे, आणि त्यांनी दूध-आधीचे चार ओळखायचे. नुसता अंदाज मारत असतील तर ७० पैकी एकाच मार्गाने सगळं बरोबर येईल, ०.०१४. एवढ्या कमी शक्यतेची गोष्ट घडली तर "अंदाज मारला" म्हणणं जड जातं. पण एका कपाची जरी अदलाबदल झाली, चारातले तीन बरोबर, तर? तसं व्हायचे १६ मार्ग आहेत, पूर्ण बरोबरचा एक धरून १७, आणि १७ भागिले ७० म्हणजे ०.२४. चार वेळांमागे जवळजवळ एकदा कोणीही ते करून दाखवेल. चारातले तीन बरोबर म्हणजे ७५ टक्के मार्क, ऐकायला किती छान वाटतं, पण पुरावा म्हणून जवळजवळ काहीच नाही. प्रयोग सुरू व्हायच्या आधी, कप भरायच्या आधी, किती बरोबर आले तर मानायचं हे ठरतं, मला ह्या गोष्टीत सगळ्यात जास्त आवडतं ते हे.

५ टक्क्यांची रेषा आली कुठून? तीही मुख्यतः फिशर यांच्याकडून. १९२५च्या पुस्तकात त्यांनी विसातून एकदा ही सोयीची मर्यादा म्हणून सांगितली. सोयीची, हे लक्षात ठेवा. निसर्गात ०.०५ असं काही कोरलेलं नाही. २०१२ साली हिग्ज बोसॉन हा कण सापडल्याचं जाहीर झालं तेव्हा भौतिकशास्त्रज्ञांची अट ५ सिग्माची होती, म्हणजे साधारण ३५ लाखांत एक. जिथे चूक महाग तिथे रेषा कडक. ०.०४९ आली म्हणून पेढे वाटायचे आणि ०.०५१ आली म्हणून तोंड पाडायचं ह्याला काही अर्थ नाही, दोन्हीत पुरावा जवळपास तेवढाच आहे.

आता चुका. १९३३ साली नेमन आणि एगॉन पिअर्सन ह्या दोन संख्याशास्त्रज्ञांनी हे नीट मांडलं की चूक दोन प्रकारे होते. फांदी आपोआप तुटली आणि तुम्ही कावळ्याला धरलं, ही टाईप वन. कावळ्यानेच तोडली आणि तुम्ही योगायोग म्हणून सोडून दिलं, ही टाईप टू. पहिलीवर आपण ५ टक्क्यांचा लगाम घालतो, दुसरीचा विचार बहुतेक मुलं करतच नाहीत, आणि खरं नुकसान मला तिथे दिसतं.

एक नाणं घ्या जे खोटं आहे, १०० पैकी ६० वेळा छापा पडावा असं. तुम्हाला ते माहीत नाही, तुम्ही २० वेळा उडवून तपासणार. ५ टक्क्यांच्या नियमाने "नाणं खोटं" म्हणायला १५ किंवा जास्त छापे पडावे लागतात, किंवा ५ किंवा कमी. ह्या नाण्याला ते जमण्याची शक्यता जेमतेम १३ टक्के. म्हणजे खोटं नाणं तुमच्या हातात आहे आणि आठातून सात वेळा तुमची टेस्ट म्हणणार की काही सापडलं नाही! १०० वेळा उडवलंत तर पकडण्याची शक्यता ४६ टक्क्यांवर जाते, २०० वेळा उडवलंत तर ७९च्या आसपास. ह्या पकडण्याच्या ताकदीला पॉवर म्हणतात. म्हणून "नल हायपोथिसिस सिद्ध झाली" असं कधी लिहू नका, पेपरातही नाही. नल नाकारण्याइतका पुरावा मिळाला नाही, एवढंच म्हणता येतं. वीस वेळा उडवून "नाणं सरळ आहे" म्हणणं म्हणजे अंधारात एकदा हात फिरवून खोलीत कोणी नाही म्हणण्यासारखं झालं. त्या मुलींच्या कुंड्यांचंही तेच, खत निरुपयोगी आहे असं अजिबात ठरलेलं नाही, चार-चार कुंड्यांत ते कळणं कठीणच होतं.

आता सुरुवातीच्या प्रश्नाकडे येते, ९७ टक्क्यांच्या. पी-व्हॅल्यू काढताना आपण धरूनच चाललो की नल खरी आहे. जे धरून चाललो तेच किती शक्य आहे हे त्याच हिशोबातून कसं निघेल? पाऊस पडला तर अंगण ओलं असण्याची शक्यता भरपूर, पण अंगण ओलं दिसलं म्हणून पाऊस पडलाच असं नाही, कोणी सडा घातला असेल. दोन प्रश्न दिसायला सारखे, पण एक उलटा आहे.

आकड्यात बघा. समजा तुमच्याकडे तपासायला १०० कल्पना आहेत आणि त्यातल्या १०च खऱ्या आहेत. तुमची टेस्ट चांगली आहे, पॉवर ८० टक्के, म्हणजे १० पैकी ८ पकडल्या. उरलेल्या ९० खोट्या, त्यातल्या ५ टक्के, साडेचार, नुसत्या नशिबाने सिग्निफिकंट निघणार. एकूण साडेबारा सिग्निफिकंट, त्यात साडेचार खोट्या, म्हणजे ३६ टक्के! ०.०५ची रेषा पाळूनसुद्धा. सुरुवातीला खऱ्या कल्पना किती होत्या ह्यावर ते अवलंबून आहे, आणि ते पी-व्हॅल्यूला माहीत नसतं. अमेरिकन स्टॅटिस्टिकल असोसिएशनने २०१६ साली ह्या विषयावर एक निवेदन काढलं त्यात हे स्वच्छ म्हटलंय की हायपोथिसिस खरी असण्याची शक्यता पी-व्हॅल्यू सांगत नाही. त्याच्या आदल्या वर्षी मानसशास्त्रातले १०० अभ्यास पुन्हा करून बघितल्याचे निकाल आले होते, मूळ अभ्यासांतले ९७ टक्के सिग्निफिकंट होते, पुन्हा केल्यावर ३६ टक्केच निघाले. (वरचा ३६ आणि हा ३६ सारखा यावा हा मात्र योगायोग, हिशोब वेगळे आहेत.)

माझीही एक गोष्ट ह्यात बसते. एमएस्सीच्या प्रोजेक्टला मी प्रश्नावलीचा डेटा गोळा केला होता, आणि जे हवं होतं ते काही सिग्निफिकंट येईना. गाईड म्हणाले, सगळ्या जोड्या लावून बघ, काहीतरी निघेल. मी वीसेक जोड्या लावल्या, एकीची पी-व्हॅल्यू ०.०४ आली, आणि रिपोर्टमध्ये ती एकच लिहिली, जणू पहिल्यापासून तीच बघायची होती. मार्क चांगले मिळाले. नंतर एकदा शिकवायची तयारी करताना हिशोब मांडला, कशातच काही नसताना एकमेकांशी संबंध नसलेल्या २० टेस्ट केल्या तर निदान एक तरी ०.०५च्या खाली येण्याची शक्यता ६४ टक्के आहे. चौसष्ट! वीस झाडांखाली उभं राहून कुठे कावळा आणि फांदी जमतात ते बघायचं आणि फक्त त्या झाडाचा फोटो दाखवायचा, तसं केलं मी. ते मला आजही टोचतं, कारण कोणीतरी तो रिपोर्ट वाचून ते खरं मानलं असेल.

२००९ साली काही संशोधकांनी हे फार परिणामकारक दाखवलं. मेलेला सामन मासा मेंदूच्या स्कॅनरमध्ये ठेवला, त्याला माणसांचे फोटो दाखवले, आणि मेंदूच्या एकेका ठिपक्याची एक, अशा एकाच वेळी होणाऱ्या हजारो टेस्टचा हिशोब न धरता नेहमीसारखं ॲनालिसिस केलं. मेलेल्या माशाच्या मेंदूत काही ठिपके "सक्रिय" दिसले. हिशोब धरला तेव्हा सगळे गेले. उपाय अवघड नाहीत, काय तपासणार ते आधी लिहून ठेवा, जेवढ्या टेस्ट केल्या तेवढ्या सगळ्या सांगा, आणि २० करायच्याच असतील तर रेषा ०.०५ला २०ने भागून ०.००२५वर आणा. ह्याला बॉन्फेरोनी करेक्शन म्हणतात, थोडं जास्तच कडक आहे, पण सुरुवातीला पुरे.

आणि सिग्निफिकंट म्हणजे मोठं नव्हे हेही सांगून टाकते. ४० लाख वेळा नाणं उडवलं आणि ५०.१ टक्के छापे पडले तर पी-व्हॅल्यू एक लाखात सहाच्या आसपास येते, इतकी कमी, पण त्या नाण्याने कोणाचं काय बिघडणार आहे? म्हणून नुसती पी-व्हॅल्यू देऊ नका, फरक किती आहे तेही द्या, आणि तो फरक कुठून कुठपर्यंत असू शकतो तेही, म्हणजे कॉन्फिडन्स इंटरव्हल.

त्या चार मुलींनी शेवटी रिपोर्टमध्ये लिहिलं की खताच्या रोपांची सरासरी ४.२५ सेंटीमीटरने जास्त आली, खताचा परिणाम नसता तरी एवढा किंवा जास्त फरक ७० पैकी ८ वाटण्यांत आला असता, आणि आठ कुंड्यांवरून निर्णय करता येत नाही. "सिग्निफिकंट" हा शब्द कुठेच नव्हता. मी त्या वर्षी वाचलेला सगळ्यात चांगला रिपोर्ट तो होता.

यंदा त्यांनी परत लावलीयत, दहा खताची, दहा बिनखताची, कुठल्या कुंडीला खत ते चिठ्ठ्या टाकूनच. वाटण्या होतात १,८४,७५६, त्यामुळे हाताने पिसणं शक्य नाही, कम्प्युटरला सांगणार आहेत. उंची कुठल्या दिवशी मोजायची ती तारीख मात्र आत्ताच वहीत लिहून माझ्याकडे देऊन ठेवलीय.